आठ बुरूज आणि चुन्याचा हुकूम

इटलीच्या १ सेंटच्या नाण्यावर एक किल्ला आहे. नाणं जेमतेम सव्वासोळा मिलिमीटरचं, डोळे बारीक केल्याशिवाय बुरूज दिसत नाहीत. २०१८ पासून इटलीने ही नाणी पाडणं थांबवलं. किल्ला मात्र आपुलिया प्रांतात, आंद्रिया गावाजवळच्या टेकडीवर उभा आहे. नाव कास्तेल देल मोंते. इमारत आठकोनी, प्रत्येक कोनावर आठकोनी बुरूज, मधलं अंगण आठकोनी, दोन्ही मजल्यांवर आठ-आठ दालनं. इतके आठ एका जागी जमले की कुणी ना कुणी त्यात मंत्र-तंत्र शोधणारच.

सगळ्यात लाडका गैरसमज असा की, टेम्पलर सरदारांनी येशूचा पवित्र प्याला लपवायला हा किल्ला बांधला. प्रत्यक्षात तो बांधून घेतला सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने, आणि त्याचं टेम्पलरांशी हाडवैर. १२२९ मध्ये जेरुसलेमहून परतल्यावर त्याने आपल्या राज्यातल्या त्यांच्या मालमत्ताच जप्त केल्या. अशा माणसांसाठी तो तिजोरी कशाला बांधेल?

आठाचा आकडाही गुपित नव्हता. १२१५ मध्ये आखेनच्या ज्या चॅपेलमध्ये फ्रेडरिकच्या डोक्यावर जर्मनीचा मुकुट चढला, त्याचा गाभा अष्टकोनी. जेरुसलेममधला खडकावरचा घुमट अष्टकोनी, फ्लॉरेन्सचं बाप्तिस्मागृहही तसंच.

‘किल्ला १२४० मध्ये बांधला’ हे वाक्य सगळीकडे बिनदिक्कत छापलं जातं. त्याचा आधार एकच पत्र. २९ जानेवारी १२४० रोजी सम्राटाने आपल्या एका अधिकाऱ्याला हुकूम धाडला की सांता मारिया देल मोंतेजवळच्या किल्ल्यासाठी चुना, दगड आणि लागेल ते सामान लावून काम करून घ्या. पण कोणतं काम? तिथल्या एका लॅटिन शब्दावर अभ्यासकांचा वाद आहे. एका वाचनाने अर्थ होतो ‘सामानाची जमवाजमव’, म्हणजे बांधकामाला अजून सुरुवात व्हायची आहे. दुसऱ्या वाचनाने होतो गच्चीचा कोबा, म्हणजे काम उरकत आलेलं! मूळ दप्तर १९४३ मध्ये जर्मन सैनिकांनी नेपल्सजवळ जाळलं, तेव्हा आता त्यावर बोट ठेवून वाद मिटवायचीही सोय नाही.

फ्रेडरिकने बहिरी ससाण्यांच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, म्हणून हा शिकारीचा महाल, असंही सांगतात. पण तबेले कुठे आहेत? उलट ‘खंदक नाही, म्हणजे नुसती शोभेची वास्तू’ हेही घाईचं. भिंतींत जंग्या आहेत, आणि मुख्य दरवाजात वरून खाली सोडायच्या लोखंडी जाळीची खाचही आहे.

मला विचाराल तर खरी करामत शौचकुपांत आहे. बुरुजांच्या माथ्यावर पावसाचं पाणी टाक्यांत साठायचं आणि तिथून खाली शौचकुपांपर्यंत यायचं. तेराव्या शतकात! प्याल्याच्या शोधात आलेला प्रवासी नेमका या दारांवरून पुढे निघून जातो.

फ्रेडरिक इथे राहिल्याची खात्रीलायक नोंद नाही. १२६६ मध्ये त्याचा मुलगा मानफ्रेद बेनेव्हेंतोच्या लढाईत पडला आणि आंजूच्या चार्ल्सने मानफ्रेदची लहान मुलं याच किल्ल्यात डांबली. आजोबाने बांधलेल्या किल्ल्यात ती तीस वर्षांहून अधिक काळ कैदेत होती.