संगणकाआधी घर तपासावे

घरगुती संगणकाच्या निवडीविषयी जे मार्गदर्शन सर्रास मिळते ते प्रोसेसरच्या पिढीपासून सुरू होऊन किमतीपाशी संपते. ज्या घरात ते यंत्र ठेवायचे त्या घरातली वीज, उन्हाळा, भिंती आणि भाषा यांची दखल त्यात क्वचितच घेतलेली असते. वातानुकूलित कार्यालयात या गोष्टी आधीच कोणीतरी मार्गी लावलेल्या असल्याने तिथे असे मार्गदर्शन चालून जाते. परंतु बीदर-कलबुर्गी पट्ट्यातील गावांत संगणकाची खरी कसोटी त्याच्या पेटीबाहेरच लागते.

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) हे अशा गावांचे प्रातिनिधिक उदाहरण होय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात असलेला आणि त्यानंतर म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलेला हा भाग असून कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा येथील बाजारात व घरांत नांदतात. बीदर सहकारी साखर कारखाना याच गावचा. आणि हुमनाबादजवळचे माणिकनगर हे संत माणिकप्रभूंचे (१८१७–१८६५) संस्थान पदांच्या व शास्त्रीय संगीताच्या परंपरेसाठी ओळखले जाते. त्यामुळे इथल्या एखाद्या घरातील संगणकाकडून तीन निरनिराळ्या कामांची अपेक्षा असते: कन्नडमधील सरकारी कागद वाचणे व भरणे, मराठीत लिहिणे, आणि भजनांच्या किंवा मैफलींच्या जुन्या कॅसेटी उतरवून घेणे. या तिन्ही कामांना महागडा प्रोसेसर लागत नाही, मात्र पुढे दिलेल्या गोष्टी लागतात.

वीज आणि अर्थिंग

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ या मानकाने पुरवली जाते. पण उन्हाळ्यात पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते आणि भार एकाएकी कमी झाला की ते उसळते. संगणकातील वीज रूपांतरित करणारा भाग, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा पुरवठा सहन करतात, त्यामुळे केवळ व्होल्टेज उतरते म्हणून स्टॅबिलायझर घेण्याची गरज सहसा नसते. खरा धोका वीज अचानक जाण्याचा आणि उसळीचा असतो. विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते आणि चांगला एसएमपीएस पुरवठा तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरातील इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर ठेवला तर तो बहुतेक वेळा एवढ्या अवधीत भार उचलतो, साध्या मोडवर मात्र त्याला अधिक वेळ लागून संगणक बंद पडतो. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला असलेला हा खटका अनेक घरांत कधी पाहिलेलाच नसतो. स्वतंत्र यूपीएस घ्यायचा असल्यास त्यावर लिहिलेला ‘व्हीए’ हा आकडा म्हणजे वॅट नव्हे, हे ध्यानात ठेवावे: ६०० व्हीएचा लहान यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचाच भार घेतो, जो ग्राफिक कार्ड नसलेल्या डेस्कटॉपला व मॉनिटरला पुरून उरतो.

याहून दुर्लक्षित बाब अर्थिंगची. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागची तार जमिनीपर्यंत पोचलेलीच नसते. किंवा पोचलेली असली तरी उन्हाळ्यात खड्ड्याची माती कोरडी पडून तिचा रोध वाढतो. अशा घरात लॅपटॉपच्या धातूच्या पाठीला हात लावला की मुंग्या येतात आणि ध्वनिमुद्रणात एकसुरी घुं-घुं ऐकू येते. ही घुं-घुं ५० हर्ट्झची व तिच्या पटींची असते. ती ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहणे. आवाज नाहीसा झाला तर दोष मायक्रोफोनचा वा सॉफ्टवेअरचा नसून वायरिंगचा आहे, आणि त्यावरचा खर्च साउंड कार्डाच्या दुकानात नव्हे तर वायरमनकडे व्हायला हवा.

उष्मा, धूळ आणि वेग

प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःच वेग कमी करतो. बहुतेक आधुनिक चिपांसाठी ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पंखा व धातूचे पाते मिळून चिपला खोलीच्या तापमानापेक्षा समजा ५० अंश वर राखत असतील, तर २५ अंशांच्या खोलीत ती ७५ वर राहते आणि एप्रिल-मेच्या ४२ अंशांत ९२ वर, म्हणजे मर्यादेच्या उंबरठ्यावर जाते. दुकानातील थंड दालनात दाखवलेला वेग मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली का मिळत नाही, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. म्हणून या भागात १२५ वॅटच्या चिपेपेक्षा ३५ किंवा ६५ वॅटची चिप, अथवा १५ वॅटच्या वर्गातील लॅपटॉप वा मिनी पीसी अधिक शहाणपणाचा ठरतो. शिवाय कमी तापणाऱ्या यंत्राचा पंखा संथ फिरतो आणि त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये उतरत नाही, हा दुहेरी लाभ.

बीदरच्या पठारावरची लाल जांभा माती बारीक भुकटी होऊन पात्यांच्या फटीत बसते. ती दर एक-दोन महिन्यांनी मऊ ब्रशने काढावी व हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. तीन-चार वर्षांनी चिप व पाते यांमधले उष्णतावाहक लुकण, म्हणजे थर्मल पेस्ट, बदलले की अनेकदा ‘म्हातारा’ ठरवलेला संगणक पुन्हा चालता होतो.

जुन्या संगणकावर पैसे घालायचेच असतील तर पहिला मान साठवणीचा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क विखुरलेल्या लहान फायली वाचताना सेकंदाला एक मेगाबाइटचाही वेग गाठत नाही, आणि संगणक सुरू होणे किंवा ब्राउझर उघडणे हे काम नेमके अशाच वाचनाचे असते. फिरते भाग नसलेल्या एसएसडीमध्ये ते कित्येक पटींनी लवकर होते. आठ गिगाबाइट रॅम आणि एसएसडी एवढ्यावर वर उल्लेखिलेली तिन्ही कामे सुरळीत होतात. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागत असल्याने बरीच जुनी यंत्रे त्या वर्तुळाबाहेर पडली. त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली बसवली तर ती यंत्रे भंगारात काढण्याची गरज उरत नाही.

एकच कळफलक, दोन लिप्या

कर्नाटकात जमिनीचा उतारा, ज्याला तिथे ‘पहाणी’ म्हणतात, तो २००० साली सुरू झालेल्या ‘भूमी’ प्रकल्पातून संगणकीय झाला आणि तो कन्नडमध्ये मिळतो. त्यामुळे मराठी घरातही कन्नड लिपीशिवाय चालत नाही. यावर सरकारी पातळीवर काढलेला तोडगा जुना असूनही फारसा वापरात नाही. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेला व १९९१ च्या भारतीय मानकात आलेला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच रचनेचा आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि एका ध्वनीला सगळ्या लिप्यांत तीच कळ.

गावाचेच नाव घेऊन हे पाहता येते. इंग्रजी कळफलकावरील ‘यू’ दाबला की ह, ‘शिफ्ट’सह ‘एन’ दाबला की ळ, ‘डी’ने हलन्त, पुन्हा ‘शिफ्ट-एन’ने ळ, ‘आर’ने दीर्घ वेलांटी, ‘शिफ्ट-के’ने ख, ‘एस’ने मात्रा आणि चौकटी कंसाच्या कळीने ड, आठ आघातांत ‘हळ्ळीखेड’ उमटते. भाषा कन्नड करून तेच आघात दिले तर तेच अक्षरक्रम कन्नड लिपीत येतात. फरक एवढाच की कन्नडमध्ये या नावातली वेलांटी ऱ्हस्व असल्याने ‘आर’ऐवजी ‘एफ’ दाबावा लागतो. एक कळफलक शिकला की दुसरी लिपी जवळजवळ फुकटात हाती येते. रोमन अक्षरांत उच्चार टंकून मराठी उमटवण्याची सवय सोपी वाटते. मात्र ळ-ल, ण-न यांत ती वरचेवर गोंधळ घालते. उर्दूची गोष्ट वेगळी: ती उजवीकडून डावीकडे जाते व तिचा कळफलकही निराळा, म्हणून ती स्वतंत्र भाषा म्हणून जोडावी लागते.

टंक, म्हणजे फॉन्ट, निवडताना तो युनिकोड असणे ही एकमेव अट पाळावी. युनिकोड या जागतिक संकेतव्यवस्थेत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक असतो. त्याआधीच्या टंकांत मराठी अक्षरे इंग्रजी क्रमांकांवर बसवलेली असत, त्यामुळे तो टंक नसलेल्या संगणकावर लग्नपत्रिकेचा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो. विंडोजमधील ‘निर्मला’ या एकाच टंकात देवनागरी व कन्नड दोन्ही आहेत, आणि गूगलच्या ‘नोटो’ मालिकेत उर्दूसह तिन्ही लिप्यांचे टंक मोफत मिळतात.

आवाजाचे गणित

ध्वनी संगणकात साठवताना त्याच्या लहरीची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते. सीडीच्या मानकात हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा आणि प्रत्येक वेळी १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांत होते. या हिशेबाने डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंच्या (स्टिरिओ) मुद्रणाला तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ९० मिनिटांच्या शंभर कॅसेटी ९५ गिगाबाइटमध्ये मावतात. ‘फ्लॅक’ या दर्जा न घटवणाऱ्या संकोचनाने त्याही साधारण अर्ध्यावर येतात. सोळा बिटांत सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या ध्वनीतले अंतर ९६ डेसिबलपर्यंत जाते, तर साध्या कॅसेटचे ५० ते ६० डेसिबलपलीकडे सहसा जात नाही. म्हणून कॅसेट उतरवण्यासाठी २४ बिट व १९२ किलोहर्ट्झचे महाग उपकरण घेणे निरुपयोगी होय. चोवीस बिटांचा खरा फायदा जिवंत गाण्याच्या मुद्रणात, कारण गायक अचानक तार सप्तकात गेला तरी फाटू नये म्हणून पातळी खाली ठेवता येते.

कॅसेट उतरवताना दोन चुका नेहमी घडतात. पहिली म्हणजे प्लेअरची तार लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या भोकात लावणे. ते भोक काही मिलिव्होल्टच्या क्षीण संकेतासाठी असते व बहुधा एकाच बाजूचा आवाज घेते, त्यामुळे ‘लाइन-इन’ असलेले यूएसबी साउंड कार्डच लागते. दुसरी चूक हेडच्या तिरकसपणाची. टेपवरील रेघ व हेडची फट अचूक समांतर नसतील तर वरच्या पट्टीतला ध्वनी मारला जातो आणि झांजा, टाळ, तंबोऱ्याची जवार हे सारे मंद येते. हेडशेजारचा लहान स्क्रू किंचित फिरवून, टाळ सर्वाधिक झळाळतील तिथे थांबायचे असते. हे काम प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावे लागते, आणि संगणकातला कोणताही ‘इक्वलायझर’ नंतर त्याची भरपाई करू शकत नाही. हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. पुढचे मुद्रण ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, सर्वोच्च पातळी शून्याच्या ६ ते १२ डेसिबल खाली ठेवून, पुरेसे होते.

थेट गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येतो, त्याला विलंब म्हणतात. संगणक ध्वनीचे नमुने गठ्ठ्याने हाताळतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा गठ्ठा ५.३ मिलिसेकंदांचा, तर १,०२४ नमुन्यांचा २१ मिलिसेकंदांचा. ध्वनी एवढ्या वेळात हवेतून सात मीटर जातो, म्हणजे तेवढ्या दुरून साथ ऐकत गाण्यासारखे हे होते व लय ढळते. मुद्रण करताना गठ्ठा लहान आणि नंतर संपादन करताना मोठा ठेवणे, एवढीच ही जुळवणी आहे.

शहाबादी फरशी आणि गोधडी

उरतो प्रश्न खोलीचा, आणि सर्वांत मोठा दोष तिथेच दडलेला असतो. कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी, सिमेंटचा गिलावा आणि काँक्रीटचा स्लॅब ही सारी पृष्ठे ध्वनी जवळजवळ पूर्ण परतवतात. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोलीतील घुमाराचे सूत्र शोधले, तेही नाट्यगृहातील खुर्च्यांच्या उशा एका व्याख्यानगृहात नेऊन मांडत. ३ मीटर रुंद, ३.६ मीटर लांब व ३ मीटर उंच अशा रिकाम्या खोलीची पृष्ठे सरासरी तीन टक्के ध्वनी शोषतात असे धरले, तर या सूत्राने घुमार सुमारे २.८ सेकंद येतो, ज्यात बोललेले शब्दही एकमेकांत मिसळतात. त्याच खोलीत दोन भिंतींवर मिळून सहा चौरस मीटर जाड गोधड्या टांगल्या व त्या निम्मा ध्वनी शोषतात असे मानले, तर घुमार १.१ सेकंदावर उतरतो. गादी, कपडे आणि माणसे धरली तर आणखी खाली. हजारो रुपयांचा मायक्रोफोन जे करू शकत नाही ते इथे घरच्याच गोधड्यांनी साधते.

स्पीकर ठेवताना दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ते कोपऱ्यात वा भिंतीला चिकटून नसावेत आणि त्यांचा वरचा लहान भाग कानाच्या रेषेत यावा. खोलीची रुंदी व उंची सारखीच असेल तर ठरावीक खर्ज स्वर, वरील खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपासचा, दुपटीने फुगतो. तेव्हा डग्गा जास्त घुमतो म्हणून स्पीकर बदलण्याआधी ऐकण्याची जागा हातभर पुढेमागे करून पाहावी.

हुमनाबादवरून जाणाऱ्या महामार्गाने हैदराबादला जाऊन खरेदी करणे इथल्या माणसाला अवघड नाही. पण निघण्यापूर्वी खर्चाचा क्रम ठरवावा. आधी अर्थिंग व यूपीएस, मग एसएसडी आणि उतरवलेल्या ध्वनीची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वेगळी हार्ड डिस्क, मग लाइन-इनचे साउंड कार्ड व बंद कपांचा एक बरा हेडफोन, आणि उरलेल्या पैशांत जो बसेल तो प्रोसेसर. दुसरी प्रत हार्ड डिस्कवरच असावी, कारण वीज न मिळता उष्ण जागी वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या एसएसडीतील माहितीचा भरवसा देता येत नाही. प्रोसेसर पुढच्या वर्षी अधिक स्वस्त व अधिक वेगवान मिळेल, कॅसेटीवरचा चुंबकी थर मात्र दर उन्हाळ्यात थोडा थोडा उतरतच राहणार आहे. म्हणून ज्या घरात अशा कॅसेटी आहेत त्यांनी नव्या यंत्राची वाट न पाहता, हाती असलेल्या संगणकावर हे काम याच हिवाळ्यात उरकावे.