रेडिएटरमधले पाणी काय सांगते?

घाटात बॉनेट उघडून थांबलेली मोटार तुम्ही पाहिली असेलच. ‘इंजिन तापले’ असे आपण म्हणतो. पण ते का तापले? याचे उत्तर पुष्कळदा रेडिएटरमधल्या पाण्यातच सापडते.

इंधनाच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग हे पाणी वाहून नेते. ते गढूळ, तांबूस दिसले तर आतले लोखंड गंजत आहे असे समजावे. पांढरट थर दिसला तर तो दुष्फेन पाण्याचा प्रताप! तापल्यावर त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते आणि अविद्राव्य कार्बोनेट नळ्यांत साचते. हा थर उष्णतेचा मंदवाहक असतो. पाणी दूध घातलेल्या कॉफीसारखे झाले असेल, तर त्यात तेल मिसळले आहे. बहुधा हेड गॅस्केट फुटले असावे. अशा वेळी गळती आधी दुरुस्त करावी लागते, नुसते धुऊन भागत नाही.

धुण्यासाठी गार इंजिनातले जुने पाणी भांड्यात काढतात. मग नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडतात. त्यामुळे अडकलेला गाळ सुटतो. स्वच्छ पाणी येऊ लागले की ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट भरतात. जुन्या कूलंटमधले ग्लायकॉल विषारी असते, म्हणून ते गटारात ओतू नये.

मात्र गरम इंजिनावरचे झाकण कधीही उघडू नका! दाबाखालचे पाणी १०० अंश सेल्सियसला उकळत नाही. झाकण सैल होताच दाब घटतो आणि उकळते पाणी व वाफ अंगावर उसळते. प्रेशर कुकरचे झाकण घाईने का काढत नाहीत, ते आता सांगा पाहू!