पैनगंगेकाठचा लष्करी रस्ता व त्यावरील पडाव

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता पांढरकवडा व पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ परिसरात प्रवेश करतो. आज तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ म्हणून ओळखला जातो. २०१० मधील फेररचनेपूर्वी त्याचा क्रमांक ७ होता. इंग्रजी अमदानीत मात्र कामठी व सिकंदराबाद या दोन छावण्यांना जोडणारी ही लष्करी वाट होती. अशा वाटांवर पलटणींच्या मुक्कामासाठी जी जागा राखून ठेवली जाई, तिला 'पडाव' म्हणत.

हा मुलूख त्याआधीही निर्जन नव्हता. जैनथच्या काळ्या दगडातील मंदिरात परमार जगद्देवाच्या काळचा, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. तेव्हा फौजांनी ही वाट नव्याने शोधून काढली, असे मानण्याचे कारण नाही. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव केला, तो याच टापूत.

सिकंदराबादची छावणी १८०६ मध्ये, तर कामठीची १८२१ मध्ये स्थापन झाली. कामठीस मद्रास फौजेच्या पलटणी असत. त्यामुळे त्यांची ये-जा दक्षिणेकडूनच होई. कामठीत तमिळ व तेलुगू भाषिकांची जी जुनी वस्ती आहे, तिचे मूळ या पलटणींत व त्यांच्यामागून आलेल्या व्यापाऱ्यांत आहे.

दोन्ही छावण्यांमधील अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. बैलगाड्या, तंबू, आजारी माणसे व बाजारबुणगे यांसह पलटण दिवसाला दहा ते बारा मैल चाले. म्हणजे संपूर्ण प्रवासास महिनाभर लागे. पहाटेच्या अंधारात कूच करावयाचे आणि उन्हे चढण्यापूर्वी पुढचा मुक्काम गाठावयाचा, असा शिरस्ता होता. पावसाळ्यात पैनगंगेला उतार मिळत नसे आणि काळ्या जमिनीत चाके रुतत. म्हणून कूच सहसा हिवाळ्यात होई.

पडावाची जागा निवडताना पाण्याचा विचार सर्वांत आधी होई. शेकडो माणसे व जनावरे यांना पुरेल अशी विहीर किंवा ओढा, निचऱ्याची सपाट जमीन आणि आंबा, चिंच किंवा वडाची सावली एवढे असले की जागा पसंत पडे. गावापासून ती थोडी दूर ठेवीत. पटकीची साथ हे त्याचे एक कारण होते. तिथे नांगर घालण्यास मनाई असे.

खरा भार पडे तो आसपासच्या गावांवर. पलटण येण्यापूर्वीच गवत, सरपण, दूध, कोंबड्या व गाड्या जमविण्याचा हुकूम पाटलाकडे येई. मोबदला देण्याचा नियम होता, पण तो गाडीवानाच्या हाती पडेलच, असा भरवसा नव्हता. वेठ हा शब्द आपल्याकडील वृद्धांच्या बोलण्यात उगाच टिकलेला नाही! धान्याची ने-आण पुष्कळदा बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे असे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा ठरली. मग एकाच वाटेवर अलीकडच्या गावांना इंग्रजी तहसीलदाराचा, तर पलीकडच्या गावांना निजामी अंमलदाराचा हुकूम येऊ लागला. ओझे दोन्हीकडे सारखेच.

१८६७ मध्ये नागपूर आणि १८७४ मध्ये हैदराबाद रेल्वेने जोडले गेल्यावर पायी कूच कमी होत गेले. विहिरी बुजल्या, झाडे तुटली. परंतु कागदावरील नोंद इतक्या सहज पुसली जात नाही.

इंग्रजी मुलखातील अनेक पडाव लष्करी खात्याच्या नावे होते आणि स्वातंत्र्यानंतर ते संरक्षण मंत्रालयाकडे आले. देशभरातील संरक्षण खात्याच्या १७.७८ लाख एकर जमिनीची मोजणी जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण झाली. तीत छावण्यांबाहेरील जमिनींचाही समावेश होता. म्हणून एखाद्या गावाच्या जुन्या अभिलेखात 'पडाव' किंवा 'कॅम्पिंग ग्राउंड' अशी नोंद आढळल्यास ती जागा गायरान समजून शाळेच्या मैदानासाठी अथवा आठवडी बाजारासाठी ठराव करू नये. प्रथम तहसील कार्यालयातील मूळ नोंद तपासावी आणि मालकीबाबत संरक्षण संपदा अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी. तेथे जुनी विहीर किंवा मैलाचा दगड शिल्लक असल्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्याची मापे व रेखाचित्र करून शाळेच्या दप्तरी ठेवावे.