उत्पादन थांबलेल्या मोटारीची पाण्याची नळी : पर्याय कसा साधावा?

बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठी वसलेले संकेश्वर हे पुणे-बंगळूर महामार्गावरील एक गजबजलेले गाव आहे. उत्तरेस निपाणीच्या वाटेवर तवंदीचा घाट लागतो. पश्चिमेस गडहिंग्लज, आजरा व आंबोली या मार्गाने सावंतवाडीकडे रस्ता जातो. अशा ठिकाणी घरची मोटार ही चैनीची वस्तू राहत नाही. मिरचीची पोती बाजारात नेणे असो, वा रात्री-अपरात्री रुग्णाला सुमारे ५० किलोमीटरवरील बेळगावास पोहोचविणे असो, जुन्या वाहनावरच अनेक कुटुंबांची भिस्त असते.

परंतु जुन्या वाहनांचे सुटे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी मोटार एकेकाळी घरोघरी परिचित होती. तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. उत्तरपाडा येथील अँबॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. त्याच वर्षाच्या आरंभी मारुती ८०० चेही उत्पादन बंद झाले. इंजिन अजून धडधाकट असते. पण रेडिएटरची एक रबरी नळी फुटते आणि सारी मोटार अंगणात उभी राहते. अशा वेळी योग्य पर्याय कसा साधावा, याची माहिती येथे दिली आहे.

नळीचे कार्य

इंजिनात इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग पाण्यामार्फत बाहेर काढावा लागतो. तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पंपाकडे परत येते. रेडिएटरचे झाकण हे पाणी दाबाखाली ठेवते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाबाचे झाकण असल्यास पाण्याचा उत्कलनबिंदू १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअस होतो. जुन्या मोटारींत हा दाब बहुधा याहून कमी असतो. म्हणजेच नळीला उष्णता, दाब आणि इंजिनाची थरथर ही तिन्ही एकाच वेळी सोसावी लागतात. ही गोष्ट ध्यानात घेतली की कोणता पर्याय चालेल व कोणता चालणार नाही, हे आपोआप कळते.

काय वापरू नये

बागेला पाणी घालण्याची प्लॅस्टिकची नळी दिसायला जुळती वाटली तरी ती उष्णतेने मऊ पडून निसटते. स्वयंपाकाच्या गॅसची नळीही या कामाची नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी केवळ वाटेतील तात्पुरती मलमपट्टी होय. घाटात नळीला चीर पडल्यास प्रथम इंजिन बंद करून किमान अर्धा तास निवू द्यावे. त्यानंतर नळी कोरडी पुसून ट्यूबची पट्टी ताणून अनेक वेढ्यांनी बांधावी, पाणी भरावे आणि झाकण सैल ठेवून, म्हणजे दाब चढू न देता, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवीत सावकाश जवळचे गॅरेज गाठावे. चीर अगदी टोकाशी असेल आणि नळीस पुरेशी लांबी असेल, तर तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा बसविता येते.

कायमचा पर्याय

प्रथम मापे घ्यावीत. रेडिएटरच्या व इंजिनाच्या तोंडांचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा. दोन्ही तोंडे सारखीच असतील असे गृहीत धरू नये. नंतर जाड तार वाकवून जुन्या नळीचे वळण तिच्यावर उतरवून घ्यावे. ही तार व जुन्या नळीचा तुकडा घेऊन सुट्या भागांच्या दुकानात जावे आणि दुसऱ्या एखाद्या मोटारीची, ट्रॅक्टरची वा टेंपोची त्याच आतील व्यासाची व तसेच वळण असलेली नळी शोधावी. लांब नळी मिळाल्यास हवा तेवढा भाग कापून घेता येतो. ती रेडिएटरच्या पाण्यासाठीच बनविलेली, आत धाग्याचे अस्तर असलेली असावी.

एका नळीत वळण जुळत नसेल, तर दोन वळणदार तुकडे मध्ये पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची छोटी नळी घालून जोडावेत. धातूच्या नळीच्या दोन्ही टोकांना किंचित उठावदार कड काढून घ्यावी, म्हणजे रबर दाबाने सरकणार नाही. रबर प्रत्येक तोंडावर सुमारे २५ मिलिमीटर चढवावे आणि स्क्रूची क्लिप त्या कडेच्या आतल्या बाजूस आवळावी. सरळ नळी जबरदस्तीने वाकवू नये. ती वळणावर चपटी होऊन पाणी अडविते. इंजिन आपल्या रबरी पायांवर हलत असते, म्हणून नळी ताणलेली नसावी. तशीच ती पंख्याला, पट्ट्याला वा धुराच्या नळीला टेकू नये.

खालच्या नळीबाबत विशेष दक्षता हवी. पंप तिच्यातून पाणी ओढीत असल्याने मऊ नळी आत चेपते. म्हणून अनेक मोटारींत तिच्या आत स्प्रिंग असते. जुन्या नळीत स्प्रिंग असल्यास नव्या नळीतही न गंजलेली स्प्रिंग घालावी.

तपासणी व सावधगिरी

नळी बसविल्यावर पाणी भरून आतील हवा निघू द्यावी, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावे, गळती पाहावी आणि इंजिन थंड झाल्यावर क्लिपा पुन्हा आवळाव्यात. पहिले काही दिवस रोज सकाळी पाण्याची पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा संभव असतो. हिरव्या वा तांबड्या रंगाचे कूलंट बहुधा विषारी आणि चवीला गोडसर असते. ते अंगणात सांडू देऊ नये, मुले व गुरे यांपासून दूर ठेवावे.

नळी फुटण्याची वाट पाहणे हाच खरा तोटा होय. थंड इंजिनाची नळी महिन्यातून एकदा बोटांनी दाबून पाहावी. ती कडक, पिचपिचीत अथवा टोकाशी फुगलेली लागल्यास निकामी होऊ लागली, असे समजावे. मापे व जुळलेल्या नळीचे नाव वहीत टिपून ठेवावे आणि एक जादा नळी गाडीत असू द्यावी. तवंदीच्या चढावर, गाडीत रुग्ण असताना, या लहानशा तयारीचे मोल कळते.