प्रश्नपरीक्षा आणि घरातील बंदूक

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नावरच कायद्याने बंधन यावे, याचे व्यवसायबंधूंना नवल वाटेल. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तसे घडले. २०१० मध्ये ओकाला येथे ‘घरात बंदूक आहे काय?’ या बालरोगतज्ज्ञाच्या प्रश्नास एका मातेने उत्तर नाकारले. तिला दुसरा डॉक्टर पाहण्यास सांगण्यात आले. त्यातून २०११ चा कायदा झाला. वैद्यकीय गरज नसता असा प्रश्न विचारणे व उत्तराची नोंद ठेवणे त्याने निषिद्ध ठरविले. डॉक्टर न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ही बंधने भाषणस्वातंत्र्याचा भंग म्हणून रद्द केली. बंदूकधारक रुग्णाशी भेदभाव करू नये, हे कलम मात्र टिकले; ते आम्हास योग्यच वाटते.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आत्मघाताचा आवेग बहुधा अल्पकाळ टिकतो. पण हाती बंदूक असल्यास दहांपैकी सुमारे नऊ प्रयत्न प्राण घेतात. म्हणून बंदूक रिकामी करून कुलपात व गोळ्या वेगळ्या ठेवण्याचा सल्ला तेथील डॉक्टर देतात. बंदूक विषादाचा हेतू नव्हे, मृत्यूचा आहे. त्या अर्थाने हे निदानपरिवर्जनच.

आपल्या ग्रामीण रुग्णाकडे बंदूक क्वचितच असते, कीटकनाशकाचा डबा मात्र असतो. विषादग्रस्तास निद्रेसाठी औषध देताना तो डबा कोठे आहे व किल्ली कोणाकडे आहे, हे एकांतात, सौम्यपणे विचारावे.