चौपाटीवरची माणसे आणि आपला कापूस

बेंबळा धरणापलीकडे मोठे पाणी ज्याने पाहिले नाही, तो गिरगाव चौपाटीवर आला की समुद्राकडेच पाहत राहील, असे कुणालाही वाटेल. माझे उलटे झाले. दिवाळीच्या सुटीत धामणगावहून रात्रीच्या गाडीने मी काळाचौकीला आत्याकडे गेलो होतो. चौपाटीवर मी माणसेच पाहत बसलो. भेळवाला उत्तरेकडला, शेजारी गुजराती कुटुंब, बुरखा सावरीत पाण्यात पाय भिजवणाऱ्या बाया, बाकावर दोन वृद्ध पारशी, लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी मालवणीत भांडणारी पोरे! इतक्या तऱ्हेची माणसे या वाळूवर आली कशी?

"पोटासाठी," आत्या म्हणाली. उत्तर खरे होते, पण मला अपुरे वाटले.

परतताना हार्बरच्या गाडीतून उतरलो, तर स्टेशनचे नाव 'कॉटन ग्रीन'! रोजच्या प्रवाशांना त्याचे काही नाही. मला मात्र परक्या गावात घरचे कुणी भेटल्यासारखे झाले. आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी हिरवळ होती. तिच्यावर कापसाच्या गाठी रचीत. बाजार हलला तसे हे नाव आधी कुलाब्याला आणि मग शिवडीकडे आले.

पुढचा उलगडा आपल्या ग्रंथालयात झाला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांनी राजाबाई टॉवरला आईच्या नावे देणगी दिली ती याच तेजीत. युद्ध संपताच भाव कोसळले, भलेभले बुडाले. पण १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट बंदरावर जाऊ लागला. पुढे त्याच कापसासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' धावली. आता तीही बंद आहे.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर या पारशी गृहस्थाने काढली. बगदादहून आलेल्या ज्यू ससून घराण्याच्या गिरण्या होत्या, भाटिये कापसाचे व्यापारी होते. साच्यांवर कोकणातली व घाटावरची माणसे उभी राहिली. तेलंगणातून पद्मशाली आले, उत्तरेतून आलेले मुसलमान विणकर मदनपुऱ्यात वसले. चौपाटीवर मी पाहिले ते सगळेच काही कापसामुळे आले नसतील. पण बऱ्याच जणांचे पूर्वज त्या धाग्याने ओढले गेले, हे निश्चित.

आत्याचे सासरे साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचे काम सुटले ते कायमचे. त्या गिरणीच्या जागी आज काचेची उंच इमारत आहे. आत्याने ती मला लांबूनच दाखवली.

घरी आलो तेव्हा अंगणात वेचणीचा ढीग होता. मी बाबांना कॉटन ग्रीनची सारी हकीकत रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली व विचारले, "अन् तिथं कापसाले भाव काय होता?"

ते विचारायचे मात्र राहूनच गेले होते.