इंग्लंडमध्ये घर घेताना : भाग ४ – ऑफर मान्य झाली, पुढे काय?

मागच्या आठवड्यात आपण बँकेच्या मॉर्गेजपर्यंत आलो होतो. आता समजा, स्लाव किंवा रेडिंगला एक टेरेस्ड घर पसंत पडलं, एजंटमार्फत साडेतीन लाख पौंडांची ऑफर दिली आणि मालकाने ती मान्य केली. घरच्यांना फोन होतात, वास्तुशांतीच्या तारखा निघतात. कायद्याच्या नजरेत मात्र अजून काहीही घडलेलं नाही.

स्थावर मालमत्तेचा करार लेखी हवा, सगळ्या अटी त्यात हव्यात आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, असं इथला १९८९चा कायदा सांगतो. तोवर मालक जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू शकतो. याला इथे ‘गझम्पिंग’ म्हणतात आणि ते बेकायदेशीर नाही. सर्व्हेचे आणि वकिलाचे तोवर झालेले पैसे बुडतात. खरेदीदारावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण कायदा आज तरी असाच आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, तिचा इथे विचार नको.

मग बांधिलकी येते कधी? ‘एक्स्चेंज’च्या क्षणी. आपल्याकडच्या साठेखताच्या जागी इथे हा टप्पा असतो, पण त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. कराराच्या दोन सारख्या प्रती असतात. एकीवर तुम्ही आधीच सही करून ठेवलेली असते, दुसरीवर विकणाऱ्याने, आणि दोन्हींवर तारखेची जागा कोरी. ठरलेल्या दिवशी तुमचा सॉलिसिटर समोरच्या सॉलिसिटरला फोन लावतो. सही झालेली प्रत दोघांच्याही पुढ्यात असते. नावं, किंमत, डिपॉझिट आणि ताबा मिळण्याची तारीख वाचून पडताळली जाते. मग लॉ सोसायटीने ठरवून दिलेल्या सूत्रांपैकी एकानुसार, बहुधा ‘फॉर्म्युला बी’नुसार, एक्स्चेंज झाल्याचं दोघे जाहीर करतात आणि तारीख-वेळ नोंदवतात. तुम्ही तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये असता. त्या मिनिटापासून तुम्ही बांधले गेलात आणि मालकही.

डिपॉझिट साधारण दहा टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ३५,००० पौंड. ‘कम्प्लीशन’च्या, म्हणजे ताबा मिळण्याच्या दिवशी उरलेले पैसे उभे राहिले नाहीत, तर नेहमीच्या करारातल्या अटींप्रमाणे विकणारा दहा कामकाजी दिवसांची नोटीस देऊ शकतो. तीही मुदत टळली की डिपॉझिट जातं, वर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. याच प्रचलित अटींनुसार घराची जोखीम एक्स्चेंजपासूनच खरेदीदारावर येते. किल्ल्या हातात नसताना घराला आग लागली तरी तुम्हाला माघार घेता येत नाही. म्हणून विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून चालू हवा.

थोडक्यात, जे विचारायचं ते एक्स्चेंजच्या आधी. छत गळतं का, भिंतीत ओल आहे का, हे शोधणं खरेदीदाराचं काम. विकणारा ‘टीए६’ नावाचा फॉर्म भरून देतो. त्यात शेजाऱ्यांशी वाद, पूर, बांधकामातले बदल वगैरे माहिती असते, आणि खोटी उत्तरं दिली तर पुढे दावा करता येतो. पण दावा करण्यापेक्षा आधी पाहणं केव्हाही बरं. बँकेचं मूल्यांकन हे बँकेच्या सोयीसाठी असतं, त्याला सर्व्हे समजू नका. मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलेलं दिसलं, तर त्याची बिल्डिंग रेग्युलेशन्सची प्रमाणपत्रं मागा. कौन्सिल, सांडपाणी आणि पर्यावरण यांचे सर्चेस सॉलिसिटर मागवतोच, कोळशाच्या पट्ट्यात खाणींचाही.

आता आपल्या लोकांना हमखास अडवणारा प्रश्न : ‘पुण्यात आमचा एक फ्लॅट आहे. त्याचा इथल्या स्टॅम्प ड्यूटीशी काय संबंध?’

फार मोठा संबंध आहे. दुसरं घर मोजताना इंग्लंडचा कायदा जगभरातली घरं मोजतो. १ एप्रिल २०२५पासूनच्या दरांनी हिशोब करून पाहू. पहिल्या सव्वा लाखावर काही नाही, पुढच्या सव्वा लाखावर दोन टक्के, त्यापुढे सव्वानऊ लाखांपर्यंत पाच टक्के. म्हणजे साडेतीन लाखांच्या घराला ७,५०० पौंड. आयुष्यातलं पहिलंच घर असेल तर तीन लाखांपर्यंत माफी आणि उरलेल्यावर पाच टक्के, म्हणजे फक्त २,५००. (पाच लाखांच्या वरच्या घराला ही सवलत नाही.) पण दुसरं घर ठरलं, तर संपूर्ण किमतीवर पाच टक्के जादा : १७,५०० अधिक ७,५००, एकूण २५,००० पौंड.

‘फ्लॅट यांच्या नावावर आहे, इथलं घर मी एकटी घेते,’ ही युक्ती चालत नाही. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला या जादा दरासाठी एकच धरतात. जादा दर लागला की पहिल्या घराची सवलतही गेली. वारशाने आलेलं घरही मोजलं जातं. मात्र हिस्सा निम्मा किंवा त्याहून कमी असेल, तर पहिली तीन वर्षं त्यावरून जादा दर लागत नाही. पहिल्या घराची सवलत मात्र असा हिस्साही घालवतो. गावाकडची नुसती शेतजमीन, जिच्यावर घर नाही, ती या मोजणीत येत नाही. पुण्यातला फ्लॅट हेच तुमचं राहतं घर होतं आणि ते तुम्ही गेल्या तीन वर्षांत विकलं असेल, तर जादा दरातून सूट मिळू शकते. खरेदीआधीच्या वर्षभरात तुम्ही या देशात १८३ दिवसही राहिला नसाल, तर आणखी दोन टक्क्यांचा वेगळा अधिभार आहे.

भारतातलं घर इथे कुणाला कळणार, असा विचार कृपा करून करू नका. स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न तुमच्या नावाने, कम्प्लीशननंतर १४ दिवसांत भरला जातो, आणि त्यातल्या माहितीला जबाबदार तुम्ही असता, सॉलिसिटर नव्हे. शिवाय पैसा कुठून आला हे त्याला तपासावंच लागतं. आई-बाबांनी मदत केली असेल, तर ती बक्षीस आहे आणि घरात त्यांचा हक्क नाही असं पत्र लागतं, त्यांची ओळखपत्रं आणि बँकेची स्टेटमेंट्सही. तिकडचं घर विकून पैसे आणले असतील, तर खरेदीखताची प्रत लागते आणि मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतरही. ही जमवाजमव आठवडेच्या आठवडे खाते आणि तेवढ्यात मालकाचा धीर सुटतो.

म्हणून सॉलिसिटर नेमाल त्याच दिवशी, त्याने विचारण्याआधी, तुमच्या आणि जोडीदाराच्या नावावरचं भारतातलं प्रत्येक घर आणि त्यातला हिस्सा त्याला लेखी कळवा. पुढच्या आठवड्यात लीजहोल्ड फ्लॅटचा विषय घेऊ. तुमच्या फ्लॅटच्या लीजची किती वर्षं उरली आहेत, ते तोवर पाहून ठेवा.